बस्त्यावची लाइन

मेन व्हॉल्व्ह कुठे आहे
हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.
तीस वर्षं राहिलो या भिंतींत,
वेंगुर्ला डेपोत गाड्यांची हजेरी लिहून रिटायर झालो,
आणि परवा मोरीतला नळ हातात आला, मुळासकट.
शालन ओरडली, पाणी बंद करा!
मी घराभोवती दोनदा धावलो,
जणू पत्ता चुकलेला पाहुणा.

शेवटी तिनंच भोकात चिंधी कोंबली,
वर अंगठा दाबून बसली,
म्हणाली, बस्त्यावला आणा.

बस्त्याव आल्मेडा, वय एकोणऐंशी.
ही लाइन त्यानंच टाकलेली, चौऱ्याहत्तर साली,
घर पोस्टमास्तर खोबरेकरांचं होतं तेव्हा.
नकाशा कुणी काढला नाही. तो त्याच्यापाशीच राहिला.
आता गुडघे वाकत नाहीत.
अंगणात खुर्ची मागितली, काठी मांडीवर आडवी घेतली:
"हात तुजे. डोळे माजे."

जास्वंदीच्या बुंध्याशी दोन विती खणल्यावर
चिऱ्याच्या कपच्यांत व्हॉल्व्ह दिसला,
हिरवा पडलेला, गच्च.
मी पान्यावर लोंबकळलो.
"मेल्या, जोर करू नको. मोडलंस तर बावडीत जीव देवचो लागात.
रॉकेल घाल. चाय पी. मगे बग."
दोन चहा झाले.
तिसरा कोण करणार, शालनचा अंगठा तर आत चिंधीवर,
तेव्हा मीच केला, पांचट.
कपातला शेवटचा घोट राहिला होता
आणि व्हॉल्व्ह किर्र करून पाव फेरा फिरला.

मग काठी टेकत त्यानं घर वाजवलं.
भरीव. भरीव. भरीव. पोकळ.
ओल तर खिडकीखाली होती, हा चुलीमागे थांबला.
"पाणी दिसता थंय गळणा नाय.
पाणी चालता. तू आपलो डागार रंग मारीत ऱ्हवलंस."
मारला होता. तीन वेळा. महागातला.

गिलावा फोडला.
पाइप कापून त्यानं उन्हाकडे धरला, दुर्बीण धरावी तसा,
मग माझ्याकडे दिला.
बाहेरून खारा वारा, आतून विहिरीचं तांबडं पाणी,
पन्नास वर्षं दोघं खात बसलेली.
मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट.
आणि मी पंपाला शिव्या देत होतो,
दोन पंप बदलले.

दुकानातल्या पोरानं टेपचं रीळ दिलं.
बस्त्यावनं हुंगलं. वास नाही.
त्याला सफेदा हवा होता, ताग हवा होता,
पण बोटांना फरक पडला नाही:
"आटे फिरतत थंयच गुंडाळ. उलटा गुंडाळलंस
तर आवळताना सगळा सुटतला."

"लाइट जाऊन आली की न्हाणीतलो नळ नुसतो खोकता," मी म्हटलं.
"हवा अडाकता. सगळ्यात लांबचो नळ सोडून ठेव.
तेका भायर जाऊक वाट होयी. तुका नको?"

शेवटचा जोड मी दात खाऊन आवळत होतो.
त्यानं काठी माझ्या मनगटावर ठेवली.
"बस. एवढाच.
मागसून येतलो तेका सुटूक व्हया."

जाताना मीटरच्या पेटीचं दार उघडून
आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं रेघा ओढल्या:
जास्वंद, चूल, मोरी, टाकी. दोन ठिकाणी फुल्या.
एका फुलीचं कारण सांगितलं, दुसरीचं नाही.
पैसे अर्धेच घेतले,
कापलेला पाइप मात्र रिक्षात पायाशी ठेवून नेला.

नळातून आधी लाल आलं, मग दुधासारखं,
मग नुसतं पाणी.

संध्याकाळी पाहिलं तर शालन जास्वंदीशी वाकलेली.
व्हॉल्व्ह एकदा बंद केला. एकदा उघडला.
आत येऊन हात पुसले,
अंगठा अजून सुरकुतलेलाच होता.